मुक्काम आणि महसूल

राज्य आणि रयत यांच्यातील नाते महसुलाच्या दप्तरात जितके स्पष्ट उमटते, तितके ते कोणत्याही राजकीय जाहीरनाम्यात उमटत नाही. कारण जाहीरनाम्यात राज्य रयतेला आपली म्हणून मोकळे होते, दप्तरात मात्र कोण आपला, किती आपला आणि कोठवर आपला, याचा निकाल रुपयापैशांत लावावा लागतो. परदेशी राहणाऱ्या मनुष्याने मायदेशाच्या सरकारला प्राप्तिकर द्यावा की नाही, आणि द्यावयाचा तर कोणत्या उत्पन्नावर, हा प्रश्न आज दुबई, सिंगापूर किंवा न्यू जर्सी येथील मराठी कुटुंबांत वर्षअखेरीस निघाला म्हणजे तो सनदी लेखापालाकडे सोपवून टाकावयाचा एक किचकट तपशील वाटतो. परंतु त्यामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासात इंग्रजांची तिजोरी, दक्षिणेतील चिमुकली संस्थाने, कोलंबोचे सावकार, आखाती देशांत गेलेले कोकणी कामगार आणि आगबोटीवरील खलाशी हे सर्व आपापल्या जागी हजर आहेत.

निवासाच्या दर्जावरून सरकारदेणे ठरविण्याची कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबरच आली, असे मात्र समजण्याचे कारण नाही. पेशवाईतील दख्खनी गावात जमीन कसणाऱ्यांचे मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग असत, आणि त्यांचे देणे सारखे नसे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावकीत त्याला मान, आणि त्याबरोबर ठरलेला पूर्ण सारा भरण्याची जबाबदारी. जमीन पडीक राहिली तरी ती जबाबदारी चुकत नसे. उपरी हा बाहेरून आलेला, कौलावर किंवा मक्त्याने जमीन कसणारा. त्याचा आकार पुष्कळदा हलका असे, परंतु गावकीत त्याला शब्द नसे आणि मुदत संपली की तो आपली अवजारे उचलून दुसऱ्या गावी जाण्यास मोकळा असे. त्यातही विशेष असा, की दुष्काळाने वा कर्जाने परागंदा झालेला मिरासदार अनेक वर्षांनी परतला, तरी त्याची मिरास बुडाली असे गाव मानीत नसे. अर्थात हक्क आणि देणे ही दोन्ही मनुष्याच्या प्रत्यक्ष हजेरीवर नव्हे, तर त्याच्या मुळावर अवलंबून होती. पुढे इंग्रजी अमलात व्यापारी आणि कारागीर यांच्यावरचा मोहतर्फा मुंबई इलाख्यात १८४४ साली उठला, आणि काही काळ तरी उत्पन्नावर असा सरसकट कर राहिला नाही.

तो आला १८६० साली. सत्तावनच्या उठावाने हिंदुस्थान सरकारची तिजोरी रिती झाली होती, आणि ती भरण्यासाठी लंडनहून जेम्स विल्सन या अर्थशास्त्रज्ञाला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात अर्थखात्याचे सभासद म्हणून धाडण्यात आले. ‘इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक काढणाऱ्या या गृहस्थाने १८ फेब्रुवारी १८६० रोजी आपले अंदाजपत्रक मांडले, आणि २४ जुलै रोजी हिंदुस्थानातील पहिल्या प्राप्तिकर कायद्यास मंजुरी मिळाली. वर्षाला २०० रुपयांपासून ५०० रुपयांपर्यंत मिळविणाऱ्याने शेकडा दोन आणि त्यावरच्याने शेकडा चार द्यावेत, असा हा कर होता. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या कराला उघड विरोध करून आपले टिपण वर्तमानपत्रांत छापू दिले, त्यापायी त्यांना परत बोलावण्यात आले. आणि विल्सन हे स्वतः ११ ऑगस्ट १८६० रोजी कलकत्त्यास आमांशाने वारले. पाच वर्षांच्या मुदतीचा तो कायदा १८६५ साली संपला. त्यानंतर वीस वर्षे सरकारने परवाना कर, दाखला कर, पुन्हा प्राप्तिकर, पुन्हा परवाना कर असे प्रयोग केले, आणि अखेर १८८६ साली जो कायदा झाला तो मात्र टिकला.

या १८८६ च्या कायद्याची दृष्टी माणसाकडे नव्हती, पैशाकडे होती. जे उत्पन्न ब्रिटिश हिंदुस्थानात उद्भवले किंवा ब्रिटिश हिंदुस्थानात हाती पडले, त्यावर कर. मग तो हाती घेणारा कोणीही असो. शेतीचे उत्पन्न वगळलेले, ५०० रुपयांखालचे उत्पन्न माफ, आणि २००० रुपयांवरील उत्पन्नास दर रुपयामागे पाच पै, असा तो साधा हिशेब होता. याला एक अपवाद होता, आणि तो अर्थपूर्ण होता. हिंदी संस्थानांच्या हद्दीत राहून सरकारची किंवा एखाद्या स्थानिक मंडळाची चाकरी करणारा जो ब्रिटिश प्रजाजन, त्याचा पगार हद्दीबाहेर मिळत असला तरी करपात्र ठरविण्यात आला होता. बडोद्याच्या किंवा कोल्हापूरच्या रेसिडेन्सीत काम करणाऱ्या कारकुनाला त्यामुळे आपण परमुलखात आहो ही सबब सांगता येत नसे. एरवी मात्र खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखालच्या, मुलखाची सीमा हीच कराची सीमा होती.

आणि ही सीमा महाराष्ट्रात किती वेडीवाकडी होती, याची आज कल्पना येणे कठीण आहे. कोल्हापूर, सांगली, मिरज, जत, फलटण, भोर, औंध, सावंतवाडी, जंजिरा अशी संस्थाने खालसा जिल्ह्यांच्या मधूनमधून पसरलेली. त्यातही औंधसारख्या संस्थानाचे गाव एकसंध नसून सातारा आणि विजापूर या जिल्ह्यांत विखुरलेले. सकाळी घरून निघालेला व्यापारी संध्याकाळी परतेपर्यंत दोनतीन राज्यांतून जाऊन येई, आणि प्राप्तिकराच्या दृष्टीने त्यांतली काही राज्ये विलायतेइतकीच परदेशी असत. मराठी माणसाला परदेशातील उत्पन्न म्हणजे काय, हा प्रश्न प्रथम पडला तो असा: समुद्र न ओलांडता, गावाच्या शिवेवर.

या शिवेवरचा एक खटला तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तो थोडा जवळून पाहण्याजोगा आहे. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा काच कारखाना आणि तेथे तयार होणारे प्रभाकर कंदील हे एके काळी महाराष्ट्राच्या घराघरांत ठाऊक होते. ओगलेवाडी औंध संस्थानात असल्यामुळे ओगले ग्लास वर्क्स ही कंपनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या दृष्टीने अनिवासी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थान सरकारने तिच्याकडून कंदील आणि इतर माल खरेदी केला. बिलावर कंपनीने विनंती लिहिली होती, की रक्कम मुंबईच्या कोणत्याही बँकेवरील धनादेशाने पाठवावी. सरकारने दिल्लीहून टपालाने धनादेश रवाना केले, ते ओगलेवाडीस पोहोचले, आणि कंपनीने ते औंधच्या बँकेत भरले. माल औंधात झाला, धनादेश औंधात हाती आला, पैसा औंधात जमा झाला. मग खालसाचा प्राप्तिकर कोठून लागू झाला, हा कंपनीचा बिनतोड वाटणारा प्रश्न होता, आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाने तो मान्यही केला.

सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली निकाल फिरविला. धनको स्वतः ऋणकोला धनादेश पाठवावयास सांगतो आणि तो टपालानेच येणार हे उभयतांना ठाऊक असते, तेव्हा टपालखाते हे धनकोचे मुखत्यार ठरते; सबब दिल्लीच्या टपालपेटीत लखोटा पडला त्या क्षणीच कंपनीला पैसा मिळाला, आणि तो ब्रिटिश हिंदुस्थानात मिळाला, असे न्यायमूर्तींनी ठरविले. हा निकाल लागला तेव्हा औंध संस्थान विलीन होऊन सहा वर्षे लोटली होती आणि ब्रिटिश हिंदुस्थान नावाचा मुलूखही उरला नव्हता. तरीही एका लखोट्याचा प्रवास कोठे सुरू झाला यावर कंपनीचे देणे ठरले. पैशाचे ठिकाण शोधीत बसणारा कायदा अखेर टपालपेटीपाशी येऊन ठेपतो, आणि कर वसूल करणाऱ्यालाही ही पद्धत सोयीची उरत नाही.

ती सोयीची नाही, हे सरकारच्या लक्षात त्याआधीच आले होते. १९२२ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात राहणाऱ्याचा परमुलखातील धंद्याचा नफाही करपात्र केला होता. परंतु अट अशी, की तो नफा ज्या वर्षी झाला त्याच्या अखेरीपासून तीन वर्षांच्या आत ब्रिटिश हिंदुस्थानात आणलेला असला पाहिजे. व्यापाऱ्याने याचा अर्थ ताबडतोब ओळखला: पैसा बाहेर तीन वर्षे थांबवा आणि मग खुशाल घरी आणा. ब्रह्मदेश, मलाया आणि सिलोन येथे सावकारी करणारे नाट्टुकोट्टै चेट्टियार किंवा पूर्वेकडील बंदरांपासून पनामापर्यंत पेढ्या घालणारे सिंध-हैदराबादचे व्यापारी यांच्या मोठ्या भांडवलापुढे तीन वर्षे म्हणजे फार नव्हती. शिवाय ‘निवासी’ कोणाला म्हणावे, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हती. ती इंग्लंडातील निकालांवरून आणि अधिकाऱ्याच्या तारतम्यावरून ठरे.

१९३५ साली सरकारने प्राप्तिकराची चौकशी करण्यासाठी एअर्स, चेंबर्स आणि वाच्छा या तिघांची समिती नेमली, आणि पुढील वर्षी तिचा अहवाल आला. यांतले चेंबर्स हे पुढे इंग्लंडात पगारातूनच कर कापून घेण्याची पद्धत बसविणारे म्हणून प्रसिद्ध झाले. समितीच्या शिफारशींवरून अर्थसभासद सर जेम्स ग्रिग यांनी विधेयक आणले, आणि बऱ्याच घासाघिशीनंतर १९३९ चा सातवा कायदा संमत झाला. आपल्या प्राप्तिकराच्या इतिहासात याहून मोठे वळण नाही. कारण येथे कायद्याने प्रथमच पैशावरची नजर उचलून माणसावर ठेविली. जो निवासी, त्याचे जगभरचे उत्पन्न करपात्र, मग ते घरी आणो वा न आणो. केवळ बाहेरच ठेवलेल्या उत्पन्नातील ४५०० रुपये तेवढे वगळावेत. जो अनिवासी, त्याच्यापुरता येथे उद्भवलेल्या किंवा येथे मिळालेल्या उत्पन्नाशीच सरकारचा संबंध. संस्थानांतील उत्पन्नाला मात्र ते खालसात आणले नाही तोवर सूट राहिली, आणि म्हणूनच ओगलेवाडीसारखे वाद चालू राहिले.

निवासी कोण, हे ठरविण्यासाठी या कायद्याने चार दरवाजे ठेविले. वर्षात १८२ दिवस किंवा अधिक येथे राहिलेला तो निवासी. येथे १८२ दिवस घर राखलेला आणि त्या वर्षात एकदा जरी येथे पाय ठेविलेला तो निवासी. मागील चार वर्षांत ३६५ दिवस येथे असलेला आणि त्या वर्षी सहज किंवा प्रासंगिक भेटीखेरीज अन्य कारणाने आलेला तोही निवासी. आणि चौथा म्हणजे, त्या वर्षी येथे येऊन पोहोचलेला आणि यापुढे निदान तीन वर्षे राहण्याचा संभव आहे अशी ज्याच्याविषयी प्राप्तिकर अधिकाऱ्याची खात्री पटली तो. यांपैकी पहिला दरवाजा आकड्याचा होता; उरलेल्या तिहींत कोठे घराच्या चौकटीला, कोठे भेटीच्या हेतूला, तर कोठे अधिकाऱ्याच्या खात्रीला स्थान होते. यांखेरीज ‘निवासी, पण सर्वसाधारणपणे निवासी नसलेला’ असा एक मधला वर्गही निर्माण करण्यात आला. मागील दहांपैकी नऊ वर्षे निवासी नसलेल्या, किंवा मागील सात वर्षांत दोन वर्षांहून अधिक काळ येथे न राहिलेल्या मनुष्याला त्याचे परदेशातील उत्पन्न, ते येथे आणले नाही आणि येथून चालविलेल्या धंद्याचे नसले, तर माफ. काही वर्षांसाठी हिंदुस्थानात नोकरीस आलेल्या आणि विलायतेत घरदार, रोखे राखून असलेल्या गोऱ्या साहेबाला याचा उघड लाभ होता. साहेब गेले, हा वर्ग मात्र आजतागायत टिकून आहे, आणि आता त्याचा लाभ परदेशातून कायमचे परतणारे आपले लोक घेतात.

एकत्र हिंदू कुटुंबासाठी नियम निराळा होता. कुटुंबाच्या कारभाराची सूत्रे संपूर्णपणे बाहेर असतील तरच ते अनिवासी. किंचितही कारभार येथे चालत असल्यास निवासी. या ‘संपूर्णपणे’चा तडाखा काय असतो, ते कोलंबोत बायकामुलांसह राहणाऱ्या एका चेट्टियार कर्त्याच्या प्रकरणात दिसले. त्याचा धंदा सिलोनात, घर कोलंबोत; परंतु रामनाड जिल्ह्यातील देवकोट्टै येथे वडिलार्जित घर होते, आणि वर्षभरात तो १०१ दिवस हिंदुस्थानात येऊन दाव्यांची कामे पाहत होता, येथे भागीदारीच्या पेढ्याही उघडीत होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली सांगितले, की कारभार पूर्णतः बाहेर होता हे सिद्ध करण्याचा भार कुटुंबावर आहे, आणि ते सिद्ध झालेले नाही. सबब कुटुंब निवासी. व्यक्तीच्या बाबतीत दिवस मोजता येत होते. कुटुंबाच्या बाबतीत कारभार तोलावा लागत होता, आणि तागडी अधिकाऱ्याच्या हातात होती.

१९४७ नंतरच्या पंधरासोळा वर्षांत माणसांपेक्षा नकाशाच अधिक हलला. फाळणी होताच कालपर्यंत एकाच कायद्याखाली असलेली मुंबई आणि कराची परस्परांना परदेश झाली; एकाच उत्पन्नावर दोन्हीकडून कर लागू नये म्हणून हिंदुस्थान आणि पाकिस्तान यांनी १९४७ च्या डिसेंबरातच करार केला. काश्मीरात लढाई चालू असताना, निर्वासितांचे लोंढे वाहत असताना, दोन सरकारांनी बसून हा हिशेब मिटविला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दक्षिणेतील संस्थाने १९४८ साली आणि कोल्हापूर व बडोदा १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झाली. हैदराबादेसह मोठ्या संस्थानांना, म्हणजे पर्यायाने मराठवाड्यालाही, हिंदी प्राप्तिकर १ एप्रिल १९५० पासून लागू झाला. गोव्यात पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली आणि प्राप्तिकर कायदा तेथे १ एप्रिल १९६३ पासून आला. पणजीतील ज्या व्यापाऱ्याचे मुंबईतील भाडे कालपर्यंत परदेशातील उत्पन्न होते, तो आपल्या घराचा उंबरठाही न ओलांडता निवासी झाला. माणूस जागच्या जागी राहिला आणि सीमा त्याच्या अंगावरून निघून गेली.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे सहावे कलम हे या सर्व अनुभवाचे फलित होय. सहज भेट, प्रासंगिक भेट, तीन वर्षे राहण्याचा संभव, अधिकाऱ्याची खात्री ही सर्व भाषा या कलमातून गेली आणि तिच्या जागी आकडे आले: १८२ दिवस, किंवा राखलेले घर आणि ३० दिवस, किंवा मागील चार वर्षांत ३६५ दिवस आणि चालू वर्षी ६० दिवस. मनुष्य कोणत्या हेतूने आला, त्याचे मन कोठे गुंतले आहे, तो पुढे कोठे राहील, याची चौकशी कायद्याने सोडून दिली. आकडा रुक्ष असतो खरा. परंतु आकडा ज्याला लागू होतो त्याला तो स्वतः मोजता येतो. हेतू अधिकाऱ्याने ठरवावयाचा असतो, दिवस मात्र पारपत्रावरील शिक्का सांगतो. प्रजाजनाच्या दृष्टीने या दोहोंत जो फरक आहे, तो कराच्या दराहूनही महत्त्वाचा आहे.

या नव्या कलमाची कसोटी लागली ती आखाती देशांत मजुरांचा आणि कारागिरांचा ओघ सुरू झाला तेव्हा. १९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या, आणि केरळाप्रमाणेच कोकणातूनही, विशेषतः रत्नागिरी आणि रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून, माणसे कुवेत, दुबई, सौदी अरेबियाकडे निघाली. या माणसांनी घर राखले नाही असे कधी झालेच नाही. किंबहुना गावातील जुने घर पाडून पक्के बांधावे म्हणूनच ते गेले होते. तेथून एखादा फिटर किंवा सुतार दोन वर्षांनी ईदेला, गणपतीला किंवा बहिणीच्या लग्नाला येऊन महिनाभर राहिला, की घराच्या पोटकलमाने त्याला निवासी ठरवावे, आणि त्याची कुवेतमधील मजुरीही करपात्र व्हावी, अशी ही तरतूद होती. साहेबांच्या बंगल्यासाठी घातलेली चौकट मजुराच्या माजघराला लागत होती. १९८२ च्या वित्त अधिनियमाने घराचे हे पोटकलम काढून टाकले, नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला त्या वर्षी ६० दिवसांऐवजी १८२ दिवसांची मर्यादा दिली, आणि बाहेर राहून भेटीस येणाऱ्या भारतीय नागरिकाला ९० दिवसांची. ही ९० ची मर्यादा १९९० साली १५० झाली आणि १९९४ च्या वित्त अधिनियमाने १८२. यात कनवाळूपणा होता तसा हिशेबही होता: देशाला परकीय चलनाची निकड होती, आणि चलन धाडणाऱ्या मुलाला घरी येण्याची धास्ती वाटू नये, हे सरकारच्याच हिताचे होते.

दिवसांचा हा हिशेब जितका खलाशाच्या अंगी भिनला आहे तितका दुसऱ्या कोणाच्याही नसेल. कोकणातील खलाशी आणि गोव्यातील तारवटी हे पिढ्यान्‌पिढ्या आगबोटींवर चाकरी करीत आले आहेत. परदेशी कंपनीच्या बोटीवर गेलेला तर सरळच बाहेर गेलेला. पण भारतीय निशाणाच्या बोटीवर असलेला माणूस देशात आहे की परदेशी, हा वाद बराच काळ चालला, कारण बोट मुंबई बंदराच्या नांगरवाड्यात उभी असली तरी तो बोटीवरच असे. कायद्यात भारतीय बोटीवरच्या नोकरांचा उल्लेख पुढे आला, आणि २०१५ साली केलेल्या १२६ व्या नियमाने वादाचा निकाल लावला: परदेशी बंदराकडे जाणाऱ्या किंवा तेथून येणाऱ्या सफरीवर असलेल्या खलाशाच्या सीडीसी या नोंदपुस्तिकेत साइन ऑनची जी तारीख पडली, तेथपासून साइन ऑफच्या तारखेपर्यंतचे दिवस भारतातील वास्तव्यात धरावयाचे नाहीत. मळकट निळसर पुस्तिकेतील दोन तारखा आणि त्यांवरील शिक्का, एवढ्यावर वर्षाच्या पगाराचे भवितव्य ठरते. म्हणूनच मार्चच्या अखेरीस बोट चार दिवस आधी सुटते की उशिरा, याची विचारणा करणारा खलाशी हवामानाची चौकशी करीत नसतो.

येथे एका सार्वत्रिक गोंधळाचा उल्लेख करणे अवश्य आहे. परकीय चलनाच्या कायद्यातही, प्रथम १९७३ च्या आणि पुढे १९९९ च्या, निवासी आणि अनिवासी असे वर्ग आहेत. परंतु तेथे मनुष्य कशासाठी गेला किंवा आला, या हेतूला स्थान आहे. बँकेत अनिवासी खाते असलेला मनुष्य प्राप्तिकरात निवासी ठरू शकतो, आणि दरवर्षी अनेक जण बँकेतील खात्याच्या नावावर विसंबून विवरणपत्रात चूक करतात. तशीच दुसरी समजूत दुहेरी कर टाळण्याच्या करारांविषयी. १९९२ साली संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या कराराप्रमाणे असे करार अनेक देशांशी आहेत. ते एकाच उत्पन्नावर कोणत्या देशाचा हक्क पहिला हे ठरवितात, निवासाचे मूळ उत्तर मात्र प्रथम सहाव्या कलमातच शोधावे लागते.

अशा रीतीने सुमारे साठ वर्षे आकड्यांच्या वाटेने चाललेला कायदा २०२० साली थबकला आणि त्याने मागे वळून पाहिले. त्या वर्षीच्या वित्त विधेयकात दोन गोष्टी होत्या: भेटीस येणाऱ्या नागरिकाची १८२ दिवसांची मर्यादा १२० वर आणावी, आणि जो भारतीय नागरिक जगात कोठेच कर देण्यास पात्र नाही तो येथे एक दिवस न राहताही निवासी मानावा. धनिक लोक वर्षातील दिवस चार देशांत वाटून कोठेच निवासी न होण्याची युक्ती करतात, तिला पायबंद घालणे हा हेतू होता. परंतु अमिरातींत व्यक्तीच्या पगारावर प्राप्तिकरच नाही, तेव्हा तेथील लाखो कष्टकऱ्यांना हे विधेयक आपल्यावरच उगारलेले वाटले. केरळच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले, आणि प्रत्यक्ष कर मंडळाला विधेयक मांडल्याच्या दुसऱ्याच दिवशी खुलासा करावा लागला की परदेशात प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांचे वेतन यात येत नाही. अंतिम कायद्यात परदेशी उत्पन्न वगळून १५ लाख रुपयांहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांपुरत्याच या दोन्ही तरतुदी राहिल्या, आणि असा निवासी त्या जुन्या मधल्या वर्गातला धरला जाऊ लागला, त्यामुळे त्याचा परदेशातील पगार सुटला. तरीही तत्त्व बदलले ते बदललेच. अमेरिका आपल्या नागरिकावर तो कोठेही असला तरी, तेथील यादवी युद्धाच्या काळापासून, कर बसवीत आली आहे; आपल्या कायद्यात निवास ठरविताना नागरिकत्व एरवी सवलतीचे कारण होते, ते आता प्रथमच आकारणीचे कारण झाले.

आणि त्याच वर्षी दिवसांच्या मोजणीचीही परीक्षा झाली. २२ मार्च २०२० पासून विमाने बंद पडली, भेटीला आलेली माणसे येथेच अडकली, आणि कोणाचाही हेतू नसताना त्यांचे दिवस भरू लागले. मंडळाने मे महिन्यात परिपत्रक काढून ३१ मार्चपर्यंतचे हे सक्तीचे दिवस वगळले. हेतूला दारातून बाहेर काढलेल्या कायद्याला अपवादाच्या प्रसंगी त्याला पुन्हा आत बोलवावे लागले. परंतु ते लेखी परिपत्रकाने, सर्वांना सारख्या तारखा देऊन, एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीने नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा घेत आहे. पूर्ववर्ष आणि निर्धारण वर्ष ही जोडगोळी जाऊन एकच कर वर्ष येत आहे, निवासाच्या कसोट्या मात्र मुख्यत्वे त्याच आहेत. या दीडशे वर्षांच्या वाटचालीचा निष्कर्ष मला असा दिसतो, की परदेशस्थाच्या कराचा प्रश्न त्याच्या देशप्रेमाचा नाही आणि त्याच्या जन्माचाही नाही. सरकारने आपला हक्क कशावर टेकवावा, एवढाच तो आहे. तो हक्क पैशाच्या ठिकाणावर टेकविला तेव्हा टपालपेटीवरून खटले झाले, घरावर टेकविला तेव्हा मजूर सापडला, अधिकाऱ्याच्या खात्रीवर टेकविला तेव्हा रयतेला दाद मागण्यास आधार उरला नाही. दिवसांच्या मोजणीवर टेकविला तेव्हाच तो दोन्ही पक्षांना सारखा तपासता येण्याजोगा झाला. त्या मोजणीत नागरिकत्व आणि उत्पन्नाच्या पायऱ्या मिसळून तिची सरळता घालविणे हे पायबंदाच्या नावाखालीही इष्ट नाही. धनिकांच्या युक्तीला निराळे औषध शोधावे, मोजपट्टी तेवढी सर्वांची एकच ठेवावी. आणि परदेशी असलेल्या वाचकाला सांगावयाचे ते इतकेच, की परतीचे तिकीट काढण्यापूर्वी मागील चार वर्षांतील आपले येथील दिवस पारपत्रावरून एकदा स्वतः मोजून कागदावर लिहून ठेवावेत. कायद्याने हे काम आपल्या हाती दिले आहे, ते दुसऱ्यावर सोपवू नये.